ऐकायचं वल्हं

"पडदा शाबूत आहे, तांडेल, पण चार वर्षं इंजिनाशेजारी बसून आतली नस मेली," डहाणूच्या डॉक्टरांनी मच्छीमार बोट हाकणाऱ्या नारूच्या कानाशी ओरडून सांगितलं. कानामागच्या हाडावर टेकवलेल्या, तपासणीच्या थरथरत्या चिमट्याचा नाद त्याला ऐकूच आला नव्हता. घरी त्याने हे लपवलं. दुसऱ्या दिवशी भर दर्यात इंजिन बंद करून खलाशी गप्प बसले आणि नारूने वल्हं पाण्यात सोडून दांड्याला कान लावला. एरवी घोळ मासळीचं घुमणं लाकडातून वर यायचं, तो बोट दाखवील तिकडे जाळं पडायचं. आज लाकूड मुकं होतं. सगळे बघत होते, म्हणून त्याने दक्षिणेकडे बोट केलं. जाळ्यात नुसता चिखल आला. खलाशांतल्या त्याच्या धाकट्या भावाने वल्हं घेतलं, कान लावला आणि उत्तरेकडे हात केला. मग वल्हं परत देत तो कानाशी ओरडला, "दादा, तू फक्त वल्हव."