नीट बसलेली घडी

मुलाला जाऊन बराच काळ लोटल्यावर एके दिवशी त्याच्या आजारावर काम करणाऱ्या संशोधिकेचा फोन आला. “काकू, एकदा प्रयोगशाळेत या ना. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.” आई हातातलं काम तसंच टाकून निघाली.

आजारपणात मुलाच्या नाकातून घेतलेल्या पेशी तिथं जपून वाढवल्या होत्या. संशोधिकेचा आनंद पोटात मावत नव्हता. “जनुकातलं एकच अक्षर बदललं होतं, काकू. त्यामुळे पेशीतल्या एका प्रथिनाची घडी चुकायची आणि ते आपल्या जागी पोचायचंच नाही. म्हणून तर त्याच्या छातीत कफ साचायचा. आता या नव्या औषधानं घडी नीट बसतेय!”

“म्हणजे हे तेव्हा असतं, तर त्याला धड श्वास घेता आला असता?”

संशोधिकेचा चेहरा उतरला. “हो,” ती हळूच म्हणाली.

आईनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. फिकट पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

“जिवंत आहेत?”

“हो. वाढतायत अजून.”

आई कितीतरी वेळ बघत राहिली. शेवटी संशोधिकेनं पेशींची काचेची बशी अलगद उचलून उबेच्या कपाटात ठेवली, दिवे मालवले, पर्स खांद्याला लावली. आईचा पाय काही निघेना.

“चला ना काकू, बंद करायची वेळ झाली.”

आईनं कपाटाच्या दारावर तळहात टेकला.

“रात्री याच्याजवळ कोण असतं?”