बारा ग्रॅम

बाळाला पाजण्याआधी तोलायचं, पाजल्यावर पुन्हा, ही शिस्त आजीनेच लेकीला लावली होती. प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं उंदरांची पिल्लं अशीच तोलली होती. आई धास्तावली की तिच्या मेंदूत एक वायू तयार होतो. क्षणभरच जगतो, पण तेवढ्यात पान्हा फोडणारं संप्रेरक अडवून धरतो, हे आजीला तोंडपाठ होतं. आज पुन्हा काट्यावर बाराच ग्रॅम वाढले. “तुझ्या उंदरिणी माझ्यापेक्षा बऱ्या गं, आई! उद्यापासून बाटलीच,” लेक रडवेली झाली. आजी चपापली. पिंजऱ्याशी कुणी उभं राहिलं तर उंदरीण पान्हा चोरायची. म्हणून आजी पिंजऱ्यावर कापड टाकून बाहेर थांबायची. “बाटलीचं उद्या बघू,” म्हणत ती काटा उचलून, दार लोटून बाहेर बसली. थोड्या वेळाने आतून बाळाच्या घुटक्यांचा आवाज आला. किती ग्रॅम, असं तिच्या मनात आलंच. आजीने मांडीवरच्या काट्यावर शाल टाकली.