इजा संभवते

कारखान्यातल्या प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणाऱ्या सेन्सरचं माहितीपत्रक ती लिहीत होती. ‘सेन्सर फार जवळ बसवल्यास मशीन वेळेत थांबणार नाही आणि हात तुटेल’ हे वाक्य साहेबांना खुपलं. “अहो, गिऱ्हाईक बिचकेल. ‘इजा संभवते’ लिहा, कायद्याला तेवढं पुरतं.” तिने हुज्जत घातली. “तुम्हाला जमत नसेल, तर दुसरं कुणीतरी लिहील,” साहेब म्हणाले. घर तिच्याच पगारावर चालत होतं. तिने वाक्य बदललं. संध्याकाळी बाबा शर्ट चढवून तिचीच वाट पाहत होते. उजवा हात प्रेसमध्ये गमावल्यापासून डाव्या मनगटाचं बटण त्यांना लावता येत नसे. ते लावताना तिने सगळं सांगितलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. “मनाला लावून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “माझ्या मशीनचं पुस्तक लिहिणाऱ्यालाही घर असेलच की.”