मुद्दाम चूक

"बेल्ट सैल पडलाय!" मिस्त्री मोठ्याने म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून त्याने बॉनेटखाली तोंड लपवलं.

ट्रकच्या केबिनमध्ये किल्लीवर हात ठेवून बसलेल्या बायकोने काचेतून नवऱ्याकडे पाहिलं. ट्रकसमोर जरा बाजूला, अंगणात, तो खुर्चीवर बसला होता. तीस वर्षं हा ट्रक चालवलेला ड्रायव्हर. उजवा हात मांडीवर, तिने सकाळी ठेवला होता तसाच. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, वाचा परत येईल, पण यांनी स्वतः प्रयत्न तर केला पाहिजे. आणि हा गडी प्रयत्नच करेना. बोलायला शिकवणारी बाई "आ म्हणा" म्हणाली की हा भिंतीकडे तोंड फिरवायचा. काल ती जाता जाता हळूच सांगून गेली, असंच चाललं तर पुढे अवघड आहे.

म्हणून हा बेत. डोकं सगळं बायकोचं. दुसऱ्या कुणी ट्रकला उलटासुलटा हात लावला की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तेव्हा मिस्त्रीने याच्या डोळ्यांदेखत चुकीची दुरुस्ती करायची. ट्रक तसाही महिनाभर, सुरू केला की, किंचाळतच होता.

"वहिनी, सगळं सांगा, पण मुद्दाम चुकायला सांगू नका," मिस्त्री कुरकुरला होता. तरी आला.

त्याने बेल्ट ताणला. तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धडधडलं, आणि मग कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी ती किंचाळी सुरू झाली.

"मग फॅनच! पाती घासतायत कुठेतरी!" मिस्त्री ओरडला. आवाजात असा खोटेपणा, की शाळेच्या नाटकातही कुणी त्याला घेतलं नसतं.

खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. बायकोने ते हसू ओळखलं. त्याने नाटक ओळखलं होतं. इंजिन बंद करून तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. आता आणखी काय करायचं, हे तिला खरंच सुचत नव्हतं.

मिस्त्रीनेही ते हसू पाहिलं होतं. "हात टेकले, वहिनी. दादांना फसवणं माझ्या बापालाही जमणार नाही. आता निदान गाडी तरी नीट करून देतो."

आणि तो खरोखर कामाला लागला. बेल्ट उतरवला आणि तिला मिनिटभर इंजिन चालवायला लावलं. किंचाळी गायब. "म्हणजे इंजिनात काही नाही. बेल्ट ज्याला फिरवतो, त्यातलंच काहीतरी ओरडतंय." इंजिन थांबल्यावर त्याने एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. फॅन धरून हलवला. तो सुताभर हलला. मिस्त्रीचा चेहरा उजळला.

"सापडलं! फॅनचं बेअरिंग गेलंय. अल्टरनेटर तर मीच गेल्या महिन्यात काढून, साफ करून बसवलाय, तिकडे बघायलाच नको. आता रेडिएटर उतरवतो." या वेळी तो अगदी मनापासून बोलत होता. त्याने पाना लावला.

खुर्ची करकरली.

डावी मूठ खुर्चीच्या दांडीवर आपटली. एकदा, दोनदा. मान ताठ झालेली, चेहरा लालबुंद.

"वॉ," तो म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती त्याने पुसली नाही. "वॉ... शर!"

मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. "काय म्हणालात, दादा?"

डाव्या हाताचं बोट अल्टरनेटरकडे गेलं. "वॉशर!" या वेळी शब्दात चांगलाच राग होता.

मिस्त्रीने अल्टरनेटरमागे बोटं घातली, चाचपली, आणि कान धरून उभा राहिला. "होता. इथे एक जाड वॉशर होता. मला वाटलं, कुणीतरी उगाच घातलाय. मीच काढून टाकला." त्या वॉशरशिवाय अल्टरनेटर जरासा मागे बसला होता. पुल्या एका रेषेत राहिल्या नव्हत्या आणि वाकडा धावणारा बेल्ट बोंबलत होता. ड्रायव्हरने कधीतरी स्वतःच तो बसवला होता, आणि हे जगात त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

"चार महिने मी बडबडतेय," बायको केबिनमधून म्हणाली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. "पोरं फोनवर बाबा, बाबा करून थकली. आणि पहिला शब्द कुणाला? तर वॉशरला!" तिला थोडा हेवाही वाटला. थोडाच.

मिस्त्रीने डब्यातून तसाच एक जाड वॉशर शोधून बसवला, बेल्ट चढवला आणि पुल्यांवर पट्टी आडवी धरून पाहिली. मग मान हलवली.

तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धडधडलं आणि आपल्या संथ लयीत चालू राहिलं. किंचाळी नाही, कुरकुर नाही. मिस्त्रीने तेलकट फडक्याने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

खुर्चीतला माणूस बराच वेळ मान कलती करून ऐकत राहिला. मग त्याने केबिनकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बं... बंद. बंद कर."

तिला स्पष्ट ऐकू आलं होतं. तिने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"अहो, ऐकूच आलं नाही!" ती ओरडली. "पुन्हा सांगा."