समोर दिसेल ते वाक्य

"टेरिफाइड म्हणजे काय?" विस्तार अधिकाऱ्यांनी सातवीच्या वर्गाला विचारलं. शाळा तपासणीच्या शेऱ्यांची वही त्यांच्यासमोर टेबलावर उघडी होती.

तनुजाने हात वर केला. "खूप घाबरलेला, सर."

"वाक्यात उपयोग कर."

इंग्रजी शिकवणाऱ्या भोईटे बाईंचा नियम होता, की गाइडमधलं वाक्य चालणार नाही, समोर दिसेल त्यावरून करायचं. तनुजाने वर्गभर नजर फिरवली. फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंच्या हातात खडूचे दोन तुकडे झाले होते.

"अवर टीचर इज टेरिफाइड."

वर्गात कुणी हसलं नाही. "शिस्त दिसत नाही वर्गात," असं म्हणत अधिकाऱ्यांनी वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव पाहताच ते खुर्चीतून ताडकन उठले. "हो मॅडम. नाही मॅडम. आज संध्याकाळपर्यंत पाठवतो, मॅडम." टोपण हातातून पडलं, ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. तनुजाचा हात पुन्हा वर होता.

"सर, अजून एक वाक्य करू?"

"नको, बस," ते म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं: इंग्रजीची तयारी समाधानकारक.