खरवडीची जाहिरात

वडिलांच्या नारळगुळाच्या दोदोल मिठाईचं गारुत शहराबाहेरही नाव व्हावं, म्हणून युयुन फोनवर जाहिरात करत होती. कुठे दिसावी ते नकाशावर ठरवायचं होतं. वडील, तिचे अबाह, मागून वाकले. “बाताम बेटही घे.” तिने वर पाहिलं. बातामच्या कारखान्यात तिचा भाऊ याना होता. वडिलांशी भांडून गेल्यापासून त्याचा फोन नव्हता. “अबाह, तिथे आपलं कोण घेणार?” “धंदा मला शिकवू नकोस.” चित्रफितीसाठी दोदोल घोटताना अबाह मध्येच म्हणाले, “खरवड छान धरलीय.” युयुनने तेवढं कापायला हवं होतं, खरवडीला गिऱ्हाईक नसतं. पण लहानपणी याना खरवडीसाठीच चुलीपाशी बसून राहायचा. तिने कापलं नाही. आठवड्याने जाहिरातीखाली निनावी प्रश्न आला, “बातामला नुसती खरवड पाठवाल का?” अबाहांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “त्या गिऱ्हाइकाला सांग, खरवड पाठवत नाही. चुलीपाशी येऊन खावी लागते.”