वर्षभराची कंबरदुखी

"परदेशातल्या बिझनेस स्कूलला यंदा अर्ज नको, पुढच्या वर्षी कर," सल्लागार बाई म्हणाल्या. "मार्क उत्तम आहेत, पण स्वतःच्या जबाबदारीवर काही पेललंयस, असं कुठे दिसत नाही." शेजारी बसलेले बाबा त्यांच्या टेबलाची कड अंगठ्यानं चाचपत होते. सुताराची सवय, जाणार कुठे!

दुसऱ्याच दिवशी बाबांची कंबर धरली. पट्टा बांधून ते खुर्चीत बसले आणि फर्निचरचा अख्खा कारखाना माझ्या गळ्यात पडला. लाकूडवाल्याशी मी भांडले, रुसून निघालेल्या कारागिरांची समजूत घातली, एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पलंग वेळेत पोचवले. काही विचारायला गेलं की बाबा कण्हत म्हणायचे, "तुला पटेल ते कर." मी आतून नुसती धुसफुसत होते.

वर्षानं अर्ज केला. प्रवेश मिळाला. बातमी सांगता सांगताच माझा आवाज उतरला. "पण मी जाऊ कशी? तुमची ही कंबर..."

बाबा उठले. पट्टा सोडून त्यांनी खुंटीला अडकवला आणि भिंतीशी उभं केलेलं कपाटाचं जाडजूड दार एकट्यानं उचललं.

"बाई एक वर्ष म्हणाल्या होत्या ना? म्हणून वर्षभरच दुखवली."